तोंडावरचा पदर

माझ्या बाबांना वाटायचं, रायपूर राजधानी झालं ते त्यांच्यामुळेच. होते ते सरकारी कचेरीत लिपिक. पण फाटकावरच्या पाटीतलं मध्यप्रदेश खोडून तिथे छत्तीसगढ़ रंगवलं गेलं, त्या दिवसापासून त्यांची मान जी ताठली ती ताठलीच. ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत बसून ते राज्य चालवत. आईवर तर आधीपासूनच चालवत होते.

आईला साखरेचा आजार. त्या वर्षी चप्पल चावून तिच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती काही केल्या भरेना. साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं. बाबांनी लगेच फर्मान काढलं. गूळ, साखर, सणाचे लाडू कपाटात गेले आणि किल्ली त्यांच्या जानव्याला. आई फिका चहा प्यायची, तिने भात सोडला, गोळ्या वेळेवर घेतल्या. तरी दर तपासणीत साखर चढलेलीच.

"तू चोरून खाऊन राहिली," बाबा म्हणायचे. पाहुण्यांसमोरसुद्धा म्हणायचे.

बोलताना, हसताना आई पदर तोंडाशी धरायची आणि बाबांना त्याचं भारी कौतुक. "पहा, नागपूरकडचं वळण आहे," असं शेजाऱ्यांना ऐकवत. वर मला, "शीक काही." वळण कसलं डोंबलाचं! पदराआड हिरड्या सडत होत्या.

कारण आई गुडाखू लावायची. तंबाखू आणि काकवी कालवून केलेला तो काळा लगदा. इथे कितीतरी लोक सकाळी बोटावर घेऊन हिरड्यांना चोळतात आणि त्याला दात घासणं म्हणतात. आमच्या घरात मात्र ते हलक्या लोकांचं व्यसन, म्हणून आईची डबी न्हाणीच्या कोनाड्यात, शिकेकाईच्या पुड्यामागे. दाढ ठणकली की ती बोटभर लावायची; ठणका बधिर व्हायचा, दात हलतच राहायचे. मला ती डबी बारावीत असतानाच सापडली होती. मी ती मुकाट्याने जागेवर ठेवली. आईची दया नव्हती आली, लाज वाटली होती. बाबांची मुलगी शोभत होते मी.

शेवटी सर्जनकडे गेलो. त्यांनी अंगठा पाहिला, आईला दोन प्रश्न विचारले, ती पदराआडून बोलली. "माताजी, पल्लू हटाइए," ते म्हणाले. तोंडात डोकावले आणि आमच्याकडे वळले. "घर में किसी ने इनका मुँह देखा है?"

कोणी पाहिलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात, कोणीच.

हिरड्यांत पू असला की साखर औषधाला नीट दाद देत नाही, आणि चढलेली साखर हिरड्या आणखी नासवते, असं त्यांनी समजावलं. दातांच्या डॉक्टरांकडे आजच न्या म्हणाले.

बाहेर येताच बाबा फणकारले, "पाय दाखवाले आणला, अन् हा तोंड पाहून राहिला! याले डाक्टर कोणं केलं?" मग पंधरा दिवस त्यांना फुरसत नव्हती. कुठल्याशा सरकारी समारंभातल्या खुर्च्या म्हणे त्यांच्यावाचून लागणार नव्हत्या. आणि मी? आईला रिक्षात बसवून नेणं काय अवघड होतं? मी बाबांच्या होकाराची वाट पाहत बसले. त्याची चीड मला आजही येते.

अंगठा काळा पडला आणि काढावा लागला. त्यानंतर कुठे दात काढले गेले, पू गेला, गुडाखू सुटला. दोन-तीन महिन्यांत साखर उतरू लागली, त्याच गोळ्यांनी आणि त्याच जेवणावर. कपाटातल्या गुळाला मुंग्या लागल्या होत्या.

कवळी बसली, त्या आठवड्यात शेजारच्या काकू आल्या होत्या. कशावरून तरी आई खळखळून हसली, उघड्या तोंडाने. मी तिला असं हसताना कधी पाहिलंच नव्हतं. बाबांनी पेपरातून मान वर केली.

"लोकं बसून आहेत. पदर घे तोंडावर."

"काहून?" आई म्हणाली. "झाकलं तवा अंगठा गेला. आता काय पाय देऊ?"