रेकॉर्डला दाखवलेलं ऊन

ऑक्टोबरचं ऊन पडलं की घरातल्या प्रत्येक वस्तूला मी ते दाखवते. गाद्या, गोधड्या, डाळी, शालू, माझे शाळेतले शब्दकोश. त्याची यादी स्वयंपाकघराच्या दारामागे लावलेली तुम्ही नातवंडांनी पाहिली आहे. यंदा पाऊस रेंगाळला आणि रेकॉर्डच्या कव्हरांना बुरशीचा वास यायला लागला, म्हणून यादीत तीही लिहिली. फक्त कव्हरं. रेकॉर्ड सावलीत, कपाटात, उभ्या.

या अकरा रेकॉर्ड माझ्या भावाने आणलेल्या. तो बोटीवर नोकरीला होता आणि मी पुण्यात इंग्रजी शिकत होते. सत्तरच्या दशकातले, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या फंक आणि सोल संगीताचे अल्बम. कव्हरवर रुंद कॉलरचे, पायघोळ पँटचे कलाकार. वर्गातलं इंग्रजी इस्त्री केलेलं असायचं. या गाण्यांतलं इंग्रजी घामाघूम होतं. ते विनवण्या करायचं, चिडायचं, आणि मागून ट्रम्पेट त्याला दुजोरा द्यायचे. लग्न होऊन पिंपळवंडीला आले तेव्हा ट्रंकेच्या तळाशी हीच माझी ठेव होती.

तुमच्या आजोबांना इंग्रजी येत नव्हतं, पण कान पक्का. नारायणगावचे तमाशे ऐकत वाढलेले. पहिल्यांदा ऐकून म्हणाले, "ह्यांचा ढोलकीवाला कोण गं? समेला चुकत न्हाई गडी!" खरंच होतं ते. फंकमध्ये सगळी वाद्यं मनाला येईल तिकडे हिंडतात, पण पहिल्या ठोक्याला झाडून सगळी घरी येतात. त्या ठोक्याला आजोबा मांडीवर थाप मारायचे.

एका अल्बमच्या दुसऱ्या बाजूला शेवटी एक लांबलचक गाणं आहे. एकदा रंगात येऊन त्यांची थाप मांडीऐवजी टेबलावर पडली, सुई घसरली आणि ओरखडा उठला. तेव्हापासून त्या गाण्यात एका जागी ठोका गळतो. तो पुढे कायम आजोबाच भरायचे. तुम्ही दोघं लहान असताना त्यांच्या पावलांवर पाय ठेवून नाचलात, ते याच गाण्यावर. डिसेंबरात येणार म्हणून फोनवर तुम्ही एकच गोष्ट मागितलीत, आजोबांचं गाणं.

आणि नेमकी तीच रेकॉर्ड कव्हरात राहून गेली. दहा रिकामी केली होती, एवढ्यात गॅस सिलिंडर आला. परत येऊन सगळा ढीग उचलला आणि गच्चीवर पसरला. दुपारी पाहते तर रेकॉर्डची कड लाटेसारखी उचललेली.

शेजारच्या घरातून माझी मोठी जाऊ आली. रेकॉर्ड उलटसुलट करून म्हणाली, "मास्तरीणबाई, पापड भाजलात का काय? यादी तेवढी लई मोठी करता!"

चूक माझीच होती.

तुमच्या बाबांना फोन केला. ते म्हणाले, "आई, सोड ना. ते गाणं फोनवर मिळतं."

"फोनवरच्या गाण्यात सगळे ठोके आहेत," मी म्हटलं. "मला एक गळलेला हवाय."

दुसऱ्या दिवशी वारूळवाडीच्या काचवाल्याकडून दोन जाड काचा कापून घेतल्या.

"फोटू आजोबांचा लावायचाय का, आजी? हाराला खिळा बी देऊ?"

"फोटो नाही रे. गाणं सरळ करायचंय."

"गाणं वाकडं व्हतं व्हय, राव!" तो हसला. पण कडा मात्र चांगल्या घासून दिल्या.

रेकॉर्ड दोन काचांमध्ये ठेवायची, सकाळच्या उन्हात जरा कोमट होऊ द्यायची, लगेच सावलीत आणून वर पाटा ठेवायचा आणि संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही. किती मिनिटं ऊन दिलं, ते वहीत लिहीत गेले. पहिल्या दिवशी काही फरक नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी जाऊ स्वतःचा पाटा कमरेवर घेऊन आली. "तुमचा हलका हाय. ह्यो ठेवा."

मी म्हटलं, "तुमचं वय काय, जाऊबाई, आणि उचलता काय!"

"तुमीच लई तरण्या!"

आठव्या दिवशी रेकॉर्ड लावली. कड अजून थोडी हलते. पहिल्या दोन गाण्यांवर सुई टिकेना, उडून बाहेर पडली. सुई उचलून मी शेवटच्या गाण्यावर नेली. ते मधल्या लेबलाजवळ आहे, तिथली रेकॉर्ड सपाट झाली होती. गाणं लागलं. जाऊ पाट्यावरच बसून राहिली होती. ओरखडा जवळ आला तसा मी थापेसाठी हात उचलला. ठोका गळला, आणि त्याच क्षणी थाप पडली. माझी नव्हे, तिची.

मी बघतच राहिले.

"बघता काय?" ती म्हणाली. "चाळीस वर्सं भिंतीपल्याड ऐकलंय. मला ठावं न्हाई व्हय?"

पहिली दोन गाणी गेली ती गेली. कव्हरवर तसं पेन्सिलीने लिहून ठेवलंय, म्हणजे कुणी सुई तिथे ठेवणार नाही. यादीतून रेकॉर्डची कव्हरं खोडली आहेत. डिसेंबरात सुई मी ठेवीन. ठोका मात्र तुम्ही दोघांनी भरायचा. सराव करून या. जाऊबाई चुकू देणार नाहीत.