खोली रिकामी मिळणार नाही

फोन आला तेव्हा मी मिरकरवाडा बंदरावर, लिलावात आवाज चढवून उभा होतो. नलिनी गेली, असं पलीकडून तिचे यजमान भाऊराव सांगत होते. त्या क्षणी अख्खं बंदर गप्प झालं, ट्रॉलरची इंजिनं थांबली, वरचे कावळेसुद्धा हवेत थबकले... असं मी गेला दीड महिना सगळ्यांना सांगतोय. खरं म्हणजे गप्प झालो तो मीच. आणि मी गप्प झालो यावर रत्नागिरीत कोणी विश्वास ठेवत नाही.

विद्यापीठात मी मासे शिकवायचो, ती पक्षी. मध्ये एक भिंत. तिची पक्षीविज्ञानाची प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि एक डीप फ्रीज. तो सुरू झाला की आमच्या बाजूचे बल्ब माना टाकायचे. फ्रीजमध्ये मेलेले पक्षी. जाळ्यात अडकून मेलेला पक्षी ट्रॉलरवाला बाबू तांडेल समुद्रात फेकत नसे. बर्फात घालून, जाळ्याच्या तुकड्यात बांधून तो थेट तिच्याकडे आणायचा आणि म्हणायचा, मॅडम, तुमचं गिऱ्हाईक आलंय. कोण काय खातंय, कशाने मरतंय, हे ती पोट उघडून बघायची. समुद्राची तब्येत वरून उडणाऱ्यांना विचारावी लागते, असं तिचं म्हणणं.

काही वर्षांपूर्वी वरून एक समिती आली. पक्षी मोजून कोणाचं पोट भरतं, हा अध्यक्षांचा सवाल. खोली संगणकांना हवी होती. नलिनीने ठरवलं, बोलायचं नाही, दाखवायचं. चोचीतून जाळ्याचा दोर लोंबत असलेला एक कुरव, किनाऱ्यावरचा पांढरा समुद्रपक्षी, बाबूला किनाऱ्यावर मिळाला होता. तो प्रयोगशाळेत आणि जेवणासाठी मागवलेली सुरमई घरी, असं तिने त्याला बजावलं. बाबूची बांधायची पद्धत एकच, त्यात घाई. समितीसमोर तिने गाठ सोडली, तर ट्रेमध्ये सुरमई.

दारात उभा असलेला मी एक पाऊल मागे सरकलो. नलिनीची पापणीसुद्धा हलली नाही. "हा त्या पक्ष्याचा वाटेकरी," ती म्हणाली. "दोघेही तारलीसारख्या छोट्या माशांवर जगतात. आधी याला बघा, दुसरा वाटेत आहे." मग त्या सुरमईवर ती इतकं बोलली, की तीस वर्षं मासे शिकवणारा मी बाकावर जाऊन बसलो. मध्येच भाऊरावांचा फोन.

"नलू, सुरमईला पिसं आहेत गो. काय करू?"

"रिक्षात घाल."

कुरव रिक्षाने आला. माझ्या सांगण्यात तरी मागच्या सीटवर ऐटीत बसून आला. तिने पोट उघडलं, दोराचं टोक अध्यक्षांच्या हातात दिलं आणि ओढा म्हणाली. ते ओढत राहिले... तो दोर राजापूरपर्यंत पुरला असता. ओढून झाल्यावर त्यांनी सवाल पुन्हा विचारला नाही. खोली राहिली.

आता ती गेली, आणि तेराव्याचं जेवण पचायच्या आत विद्यापीठाचा निरोप आला. प्रयोगशाळा एका बाईची होती, बाई राहिल्या नाहीत, तेव्हा खोली रिकामी करा. मला वाटलं होतं, हा लेख लिहिताना रडू येईल. नाही आलं. रडायला आयुष्य पडलंय, आधी भांडण.

गेल्या आठवड्यात टेबलं उचलायला माणसं आली. आत तिची विद्यार्थिनी ऋतुजा एका पक्ष्याचा पंख मोजत होती. नलिनीची शिस्त अशी, की मापं जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा घ्यायची आणि तोवर खोलीतली वस्तू जागची हलवायची नाही. ऋतुजाने मान वर न करता सांगितलं, थांबा, माप चालू आहे. माणसं थांबली. मी त्यांना चहा पाजला, गोष्टी ऐकवल्या. संध्याकाळी ती माणसं कंटाळून गेली, दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. ऋतुजा नलिनीच्या स्टुलावर, हातात पट्टी. त्यांच्या मुकादमाने दारातूनच विचारलं, ताई, अजून किती वेळ?

ऋतुजाने उठून फ्रीजचं झाकण उघडलं. आत काठोकाठ पक्षी.

"एवढे झाले की सांगते," ती म्हणाली. "आणि बाबूकाका उद्या समुद्रावर जातायत."