उसनी साक्ष

पडदा वर जातो, तेव्हा आधी दिसतात ते नुसते पाय. बूट, सपाता, उंच टाचा, मध्येच सायकलचं एखादं चाक. कारण हे तळघर आहे. खिडकी छताला चिकटलेली, आणि तिच्यातून रस्त्यावरच्या माणसांचं गुडघ्याखालचं आयुष्य तेवढं दिसतं. वर चर्च, पलीकडे विद्यापीठ. खाली गोलात मांडलेल्या खुर्च्या, एक कुरकुरं टेबल, चहाची किटली आणि कोपऱ्यात कपबश्या ठेवायची बोळकांडी, तिला फुलाफुलांचा पडदा. मधोमध बाह्या सरसावून खुर्च्यांना शिस्त लावताहेत त्या बाई.

बाईंनी जन्मभर मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर लोक गुडघे सांभाळतात. बाईंनी मिशनच्या मंडळाला सांगितलं, मला पाठवा.

मुलगी म्हणाली, "आई, या वयात परदेशी? लोक काय म्हणतील?"

"इंग्रजीत म्हणतील," बाई म्हणाल्या. "चुकलं तर मी सुधारीन."

त्यांच्या यजमानांना कुणी विचारलंच नाही. ते घड्याळजी. हत्यारांची पेटी उचलून मुकाट्याने मागोमाग निघाले आणि आल्या आल्या चर्चच्या मनोऱ्यावरचं बंद घड्याळ चालू करून बसले. तेव्हापासून त्या गल्लीतल्या लोकांना उशीर व्हायला लागला. त्याआधी कुणालाच तो होत नव्हता.

विद्यापीठातल्या पोरांची पुस्तकं सगळी इंग्रजीत, पण बोलायची वेळ आली की दातखीळ बसायची. म्हणून दर गुरुवारी बाईंच्या इंग्रजी गप्पा. आधी चहा-बिस्किटं, मग वाटेल त्या विषयावर बडबड, आणि शेवटी येशूची एक गोष्ट. दारावरच्या पाटीवर बाईंनी हे सगळं ठळक लिहून घेतलं होतं, आणि खाली: गोष्ट नको असेल त्याने बिस्किटं खाऊन जावं. लपवाछपवीचा त्यांना मनस्वी तिटकारा.

पोरं बिस्किटंही खात आणि गोष्टही ऐकत. पूल बांधायचं शिकणारा, लांब मानेचा, दाढीवाला उंट. दातांची डॉक्टर व्हायला निघालेली आणि समोरचा बोलू लागला की त्याच्या तोंडात डोकावणारी दातवाली. आणि गणित शिकणारा मौनीबुवा. तो दर गुरुवारी यायचा, ऐकायचा, नुसती मान लववून आभार मानायचा आणि जायचा.

फक्त बाप्तिस्मा अजून एकाचाही झाला नव्हता.

मंडळाचा निरोप आला की साहेब पाहणीला येताहेत. काम फळाला आलं असेल तर ठीक, नाहीतर तळघराला कुलूप. बाई घरी शेंगा सोलताना यजमानांना एवढंच म्हणाल्या, "परत जायची तयारी ठेवा हो." आणि इतक्या जोरात शेंग मोडली की दाणे पलंगाखाली गेले. घड्याळजी ते गोळा करत बसले, आणि दुसऱ्या दिवशी चहा ओतता ओतता त्यांनी पोरांसमोर सगळं ओकून टाकलं.

पुढचं बाईंना ठाऊक नव्हतं. आपल्याला असायला हरकत नाही.

"म्हणजे साहेबांना काय हवंय?" दातवालीने विचारलं.

"साक्ष. देव आपल्याला कसा भेटला, ते उभं राहून सांगायचं."

"तेवढंच ना? मग शिकवा की काका," उंट म्हणाला.

घड्याळजींना साक्ष एकच पाठ होती. बायकोची. लग्न झाल्यापासून ऐकत आलेली. ती त्यांनी शिकवली. आणि पोरांना बिचाऱ्यांना वाटलं, साक्ष म्हणजे प्रार्थनेसारखीच ठरलेली असणार, सगळे तीच म्हणत असणार.

तो गुरुवार उजाडला. साहेब आले. सडपातळ, मऊ आवाजाचे, डोळ्यांत लगेच पाणी येणारे. आल्या आल्या म्हणाले, "भगिनी, मला काही दाखवू नका. मला फक्त ऐकू दे."

बाई काही बोलायच्या आत उंट उठला. मान ताठ केली. खास घोटलेल्या इंग्रजीत म्हणाला, "मी लहान होतो. मला मोठा ताप आला. इस्पितळात नेलं, आणि माझ्या दोन्ही वेण्या कापल्या."

साहेबांनी त्याच्या दाढीकडे पाहिलं. "तुमच्याकडे मुलंही वेण्या घालतात वाटतं," ते कौतुकाने पुटपुटले.

"मला फार लाज वाटली. मी उशीत तोंड खुपसून पडलो. तेव्हा नर्सबाई आल्या, आणि त्यांनी आपली... आपली..."

उंट अडला. बोळकांडीतून कुजबुज आली, "टोपी! टोपी!"

"आपली पांढरी टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली! तेव्हा मला कळलं, आपली आठवण असणारा कुणीतरी आहे."

साहेबांनी रुमाल काढला. बाई मात्र खुर्चीत खिळल्या होत्या. ती टोपी त्यांची होती. ती उशी त्यांची होती. आणि पडद्याआडचा तो आवाज तर त्यांच्या उभ्या संसाराचा होता.

तोवर दातवाली उभी. "मलासुद्धा लहानपणी मोठा ताप आला."

"तुलासुद्धा!" साहेब सद्गदित झाले. "केवढी ही योजना!"

साहेबांचा विश्वास बसला होता. बाईंनी एकदा खुर्च्यांवरून नजर फिरवली. नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसलं की गुरुवार राहणार होते. नाहीतर गुडघ्यांचं तेल, मुलीची खोली आणि दिवसभर दूरदर्शन. पण ज्या गोष्टीवर आपण सगळं आयुष्य टेकवलं, ती या लेकरांच्या तोंडी खोटी होत होती. आणि तीसुद्धा आपल्यापायी.

"बस खाली, बाळ," बाई म्हणाल्या. "साहेब, तो ताप माझा आहे. वेण्याही माझ्याच. या दोघांना साधं पडसंसुद्धा झालेलं नाही. आणि अहो, या आता बाहेर. कपबश्यांना पाठांतर नको आहे."

फुलाफुलांचा पडदा हलला. घड्याळजी हातात बशी धरून बाहेर आले आणि कुणी मागितली नसताना त्यांनी ती साहेबांना दिली.

"अगं, मला वाटलं..."

"तुमचं वाटणं घरी गेल्यावर बघते."

उंटाची मान पार छातीवर आली. "बाई, स्वतःची सांगायची असते, हे आम्हाला माहीत नव्हतं."

"स्वतःची नसली तर 'नाही' म्हणायचं असतं. तेही इंग्रजीत सोपं आहे."

साहेबांनी रुमालाची घडी घातली. आवाज मऊच होता, पण आता त्यात थकवा होता. "म्हणजे भगिनी, इथे कुणाचाच विश्वास नाही?"

"माझा आहे," बाई म्हणाल्या. "यांचं यांना विचारा."

आणि मौनीबुवा बोलला. खोलीत आजवर कुणी न ऐकलेला तो आवाज चांगला घोगरा होता. "माझा नाही. पण मला एक विचारायचंय. गेल्या गुरुवारी बाईंनी उधळ्या मुलाची गोष्ट सांगितली. धाकटा परत आला, घरात मेजवानी. थोरला रागावून अंगणातच उभा. बाप समजूत घालतोय. मग थोरला आत गेला की नाही?"

"ते लिहिलेलं नाही," साहेब म्हणाले.

"का नाही?"

"कारण..." साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "तुला काय वाटतं?"

"मी नसतो गेलो. सगळी कामं मी करायची, आणि बोकड त्याच्यासाठी?"

"वासरू होतं रे," उंट.

"मी गेले असते," दातवाली म्हणाली. "राग पोटभर जेवून धरता येतो."

साहेब हसले, मग भांडले, मग उठून स्वतःच थोरला भाऊ होऊन दाराशी हाताची घडी घालून उभे राहिले. घड्याळजींनी बापाची भूमिका आपणहून घेतली आणि वाईट केली. चहा निवून गेला. खिडकीतले पाय कमी झाले तरी कुणी उठेना.

शेवटी साहेबांनी कोट चढवला. दारात बाईंना म्हणाले, "मंडळाला मी खरं तेच सांगणार. फळ नाही, असंच सांगणार. तरी एक वर्ष मागून बघतो. देतीलच असं नाही."

"खरं सांगा म्हणजे झालं."

साहेब पायरीवर घुटमळले. "पुढच्या गुरुवारपर्यंत मी याच गावात आहे. आलो तर चालेल?"

"या की!" बाई म्हणाल्या. "पण साक्ष स्वतःची आणा हं, साहेब. माझी आता वापरून वापरून पार विटली."