चौघांची व्हिस्की

रेवदंड्याच्या बाजारातल्या दारूच्या दुकानात बाळाजी घरत एकतीस वर्षं काउंटरवर उभा आहे. गिऱ्हाईक रस्ता ओलांडून येईपर्यंत त्याची बाटली काउंटरवर आलेली असते. कोण थंडगार बिअरशिवाय दुसऱ्या कशाला हात लावत नाही, कोण व्होडका फक्त लिंबू पिळून घेतो, निवृत्त शाळामास्तर खोकल्याचं निमित्त सांगून कोणती ब्रँडी नेतात, कोर्लईच्या बाई नाताळच्या केकसाठी कोणती गोड वाईन मागतात, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. तो स्वतः रमवाला. रविवारी दुपारी कोमट पाण्यातली रम आणि बरोबर भाजलेला सुका बोंबील. एवढीच त्याची चैन.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये थेरोंड्याचा त्याचा मावसभाऊ काळूराम त्याच्याकडे आला. मुलगी हेमाली हिची हळद होती आणि हळदीला पाहुण्यांच्या आवडीचं काही नसलं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

"कोन काय घेतो ते तुलाच म्हायत. लिवून दे."

बाळाजीने हौसेने यादी लिहून दिली. बहुतेकांपुढे बिअर, काहींपुढे रम. सोनेरी पट्ट्याची व्हिस्की फक्त तिघांपुढे लिहिली: बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा सदा, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर दयाराम आणि काळूरामचा भाचा रितेश. बिअर आणि रम काळूरामने बाळाजीच्या दुकानातून नेली. व्हिस्कीचं मात्र म्हणाला, "ती मी बघतो."

हळदीला बाळाजी रमचे दोन पेग घेऊन उठत होता, तेवढ्यात काळूरामने व्हिस्कीचा ग्लास त्याच्या हातात दिला. "माझ्या पोरीची हळद हाय, न्हाय म्हनू नको." बाळाजीने घेतला. पहिला घोट जिभेला जरा कडक लागला. आपल्याला सवय नाही म्हणून तसं वाटलं असेल, असं समजून त्याने ग्लास संपवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लग्न लागलं. जेवून बाळाजी परत दुकानात आला. तीनच्या सुमाराला सदा आला. रस्ता ओलांडताना तो एका हाताने हवेत चाचपडत होता.

"बाळ्या, दुकानात धूर कसला केलास?"

धूर नव्हता. बाहेर लख्ख ऊन होतं.

"रातची उतरली न्हाय तुझी," बाळाजी हसत म्हणाला. सदा हसला नाही. काउंटरची कड घट्ट धरून तो उभा राहिला. "तुझं तोंड दिसत न्हाय मला. धुक्यात असल्यावानी दिसतंय सगळं. पोटात बी कळा मारतात."

 खोट्या दारूने आधी पोट आणि मग डोळे जातात, हे बाळाजीने पेपरात कितीदा वाचलं होतं. आणि तीच व्हिस्की काल त्याच्याही पोटात गेली होती.

तो मागे वळला आणि फळीवरच्या बाटल्या वाचू लागला. वरच्या रांगेतली मोठी नावं दिसली. खालचा पत्ता, महिना, बारीक अक्षरं दिसेनात. त्याने डोळे चोळले, बाटली उजेडात धरली. अक्षरं मुंग्यांसारखी सरकत होती. "गेले," तो मोठ्याने म्हणाला, "माझे बी गेले." मग लक्षात आलं की चष्मा कपाळावरच राहिलाय. तो खाली ओढला तशी अक्षरं जागेवर आली. तरी त्याचा विश्वास बसेना. पाच बाटल्या त्याने वरपासून खालपर्यंत वाचून काढल्या आणि पाचवी ठेवताना ती हातातून निसटून फुटली.

शटर अर्धं ओढून त्याने काळूरामला फोन लावला. मागे मांडवातली गाणी ऐकू येत होती.

"ती व्हिस्की कुटून आणलीस?"

"का रे?"

"कुटून आणलीस ते सांग."

काळूराम गाण्यांपासून लांब गेला. मग म्हणाला, "एक जन बाहेरून आणून देतो. स्वस्तात."

"त्यातली कोनाला देऊ नको आता. सदाचे डोळे गेलेत."

रितेशला फोन लागला. त्याला परत मोटारसायकल चालवायची होती म्हणून त्याने रात्री नुसतं सरबत घेतलं होतं. यादीतलं एक नाव सुटलं. दयारामांचा फोन त्यांची सून अमिषा हिने घेतला.

"बाबा झोपलेत. सकाळपास्नं पोट दुखतंय म्हनत व्हते."

"उठव त्यांना. आता उठव."

फोनवर तिच्या हाका ऐकू येत होत्या. बाबा, अवो बाबा. प्रत्येक हाक आधीपेक्षा मोठी होत गेली. मग ती रडत म्हणाली, "उठत न्हायत वो काका." बाळाजीने तिला गाडी करून थेट अलिबागला न्यायला सांगितलं. 

सदाला रिक्षात घालून तो बाजाराच्याच टोकाला असलेल्या डॉक्टर मृणाल यांच्या दवाखान्यात पोचला. बाईंनी सदाच्या डोळ्यांत बॅटरी मारली, श्वास मोजला, अलिबागला फोन करून गाडी मागवली. मग बाळाजीकडे वळल्या.

"काका, तुमच्या दुकानातली सीलबंद दारू आणा. धावत जा."

"दारू?"

"चांगली दारू पोटात असली की ही विषारी दारू शरीरात हळू फुटते आणि तिचं विष लवकर चढत नाही. याच्यावरचं इंजेक्शन माझ्याकडे नाही. गाडी यायला वेळ आहे. मी मोजून देईन तेवढीच द्यायची."

बाळाजी धावला. घाईत हात सवयीच्या बाटलीवर गेला. सदासाठी तो वीस वर्षं जी काढत आला, तीच सोनेरी पट्ट्याची. दवाखान्यात त्याने सील फोडून बाईंनी मोजून दिलेला ग्लास सदाच्या तोंडाशी नेला. वास येताच सदाने मान फिरवली आणि ओठ मिटून घेतले. 

"न्हाय. ती न्हाय. तीच हाय ती."

"ही आपल्या दुकानातली हाय, सदा. मी सील फोडलंय."

"मला दिसत न्हाय रे. मी कसा मानू?"

बाळाजीने ग्लास खाली ठेवला. तो पुन्हा धावला आणि रमची बाटली घेऊन आला. बाईंनी मोजून रम संत्र्याच्या रसात मिसळली. दुसऱ्या ग्लासात थोडी बाळाजीसाठी ओतली. "काल तुम्हीही घेतलीत ना? मग घ्या." बाळाजीने सदाचा हात धरून आपल्या ग्लासावर ठेवला. "बघ, मी आधी घेतो. रम हाय, वास घे." त्याने ग्लास रिकामा केला. मग सदाने डोळे मिटून आपला घेतला. इतक्या वर्षांत बाळाजीने दारूला कधी इतकं घाबरून तोंड लावलं नव्हतं.

अलिबागच्या वाटेवर गाडीत सदा सारखा विचारत होता, "उजेड हाय ना अजून?" बाहेर ऊन होतं. बाळाजी "व्हय" म्हणायचा आणि लगेच स्वतःचा एक डोळा झाकून समोरच्या गाडीचा नंबर वाचायचा, मग दुसरा झाकून. बाळाजीची बायको काशी बसने मागून आली. तोवर बाळाजीला खाटेवर झोपवून सलाईन लावली होती. ती त्याच्यासमोर दोन बोटं धरून उभी राहिली.

"किती दिसतात वो?"

"दोन."

थोड्या वेळाने तिने तीन धरली. रात्रभर असंच चाललं. तिला झोप येत नव्हती आणि त्याला डोळे मिटायची भीती वाटत होती.

सकाळी त्याचे रिपोर्ट बरे आले. त्याच्या पोटात ती व्हिस्की एकच ग्लास गेली होती आणि आधीच्या रमने तिला अडवून धरलं असणार, असं तिथले डॉक्टर म्हणाले. सदाचं रक्त मशिनने साफ केलं. तो वाचला. उजव्या डोळ्याने त्याला आता बरं दिसतं, डाव्याने नुसत्या सावल्या. दयाराम शुद्धीवर आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले.

पोलिसांनी व्हिस्की आणून देणाऱ्याला पकडलं. काळूरामची जबानी झाली, केस चालू आहे. हेमालीला माहेरी यायचं म्हटलं तरी रडू येतं. दयारामांच्या तेराव्याला बाळाजी गेला तेव्हा अमिषाने त्याला बसायला खुर्ची दिली. तो खुर्चीवर न बसता दाराशीच खाली बसला. त्यांचं नाव यादीत त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. तो हे तिला सांगायला लागला, तर ती म्हणाली, "काका, त्यांची आवड साऱ्या गावाला म्हायत व्हती." आणि चहा आणायला आत गेली.

बाळाजी अजून काउंटरवर उभा राहतो. सदा इंजिनं आता हाताने चाचपून दुरुस्त करतो आणि काम फारसं चुकत नाही. परवा जेट्टीवर दोघं बसले असताना त्याने विचारलं, "त्या दिवशी तू माझ्यापेक्षा जास्त भ्यालेलास काय रे?"

"व्हय," बाळाजी म्हणाला. "तुला दिसत नव्हतं. मला तुझं तोंड दिसत व्हतं."