ताईचा देव गप्प बसला तेव्हा

सत्तावन्न साल. मी सव्वीस वर्षांचा, मुलुंडच्या एका कारखान्यात लेथवर. तिथूनच सुरुवात करतो. माझी थोरली बहीण जाऊन आता महिना झाला, आणि भेटायला येणारा जो तो एकच तुणतुणं वाजवतो, की ताईने देवावर भरवसा ठेवला आणि अडचणीत देवाने तिला वाट दाखवली. ऐकून माझं डोकं फिरतं. देवाने काय दाखवलं ते मी तिथे उभं राहून बघितलंय. शाळा चौथीपर्यंत झाली असेल, पण डोळे शाबूत होते.

ताई बाविसाव्या वर्षी विधवा झाली आणि माझ्या खोलीवर येऊन माझं जेवणखाण बघू लागली. काही अडलं की कौल लावायची. गावी हे काम गुरवाचं, पण मुलुंडला गुरव कुठून आणणार? म्हणून हीच घरच्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायची आणि समोर बसून गाऱ्हाणं घालायची. उजवी आधी गळली तर हो, डावी गळली तर नाही. मी हसायचो. ती म्हणायची, तुझं मशीन तुला विचारून बिघडतं का, गप जेव.

त्या साली दत्तारामने तिला मागणी घातली. गोरेगावच्या एका स्टुडिओत सुतार, बायको वारलेली, आमच्याच बाजूचा. मला मध्ये न घालता त्याने थेट तिलाच विचारलं, हे मला आवडलं. पण विधवेचं लग्न म्हणजे गावची भावकी तोंड फिरवणार, आई हाय खाणार. ताईने कौल लावला... आणि एकही पाकळी हलली नाही. मूर्तीवरच सुकल्या. पुढच्या सोमवारी तेच, त्याच्या पुढच्याही. दिवाळी गेली तरी ही आपली सोमवार धरून बसलेली. शेवटी दत्तारामचा निरोप आला, की घरचे गावाकडची मुलगी ठरवतायत, या आठवड्यात काय ते सांगा.

त्या सोमवारी संध्याकाळी कामावरून आलो तर ती मूर्तीसमोरच. सकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा नाही. मी म्हटलं, "ताई, तो गप्प आहे म्हणजे त्याने तुझ्यावर सोडलंय."

"माझ्यावर सोडायचं होतं तर मी त्याला विचारलं कशाला असतं?"

"तुला दत्ताराम हवाय की नको?"

"हवाय म्हणून तर भीती वाटते रे."

मग माझं टाळकं सरकलं. देव ठेवले होते त्या फळीवर मी अशी मूठ हाणली की विझलेली समई आडवी झाली. आणि उजवी पाकळी पडली.

ताई मग म्हणाली, "खुळावलास काय? ती तू पाडलीस."

"हो, मीच पाडली. आणि मला कुणी धाडलं इथे? सकाळपासून ज्याला विचारत बसलीस त्यानेच ना? की देव नुसत्या पाकळ्याच हलवतो, माणसं हलवत नाही?"

हे मी बोललो. जन्मात कधी देवापुढे हात न जोडलेला मी. अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. वाद जिंकायला मीच त्याचं नाव पुढे केलं आणि फुकटचा मान त्याच्या पदरात घातला! ताईने पुढे पन्नास वर्षं दत्तारामशी झकास संसार केला, दर सोमवारी देवापुढे नारळ फोडून. मला साधी करवंटी दिली नाही कधी. विचारलं की हसायची, म्हणायची, तुला त्यानेच धाडलं होतं ना, मग नारळ त्याचाच. आता कुणाशी भांडू... तीही गेली माझं उत्तर न ऐकता.

त्या संध्याकाळी तिने समई उभी केली, सांडलेलं तेल पुसलं, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "उद्या खाडा करशील काय रे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोरेगाव गाठलं. दत्ताराम फळीला रंधा मारत होता. त्याच्या हातातला रंधा काढून घेतला आणि म्हटलं, चल, कौल आलाय.