मामेसासऱ्यांच्या संघातली ग्रेस

आमच्या मामेसासऱ्यांइतका भांडणाचा निखळ आनंद घेणारा माणूस करावेगावातच काय, साऱ्या नवी मुंबईत दुसरा नसेल. स्वतःसाठी ते कधी भांडले नाहीत. लोकांची भांडणं मात्र हौसेनं अंगावर घेत. गावात नायजेरियाची, काँगोची पोरं शिकायला येऊन भाड्यानं राहू लागली, तेव्हा मामांची मोठीच सोय झाली. सलूनवाला एका पोराचे केस कापेना, तर मामा शेजारच्या खुर्चीत ठाण मांडून बसले. "याचं झालं का माझं काप," म्हणाले. मामांना पूर्ण टक्कल. रिक्षा या पोरांसाठी थांबली नाही, तर मामा रस्त्याच्या मधोमध उभे राहत. "नवी मुंबई वसवाया आपली शेतं गेली तवा आपुनबी आपल्याच गावान परके झालो," असं त्यांनी गावच्या मंडळाच्या लोकांना ऐकवलं आणि ठराव करून घेतला: गावात राहील तो गावचा. मग पोलीस ठाण्यातल्या भाडेकरू नोंदणीपासून नोकरीच्या मुलाखतीपर्यंत मंडळाचा एक माणूस पोरांच्या सोबतीला असे. बहुतेक वेळा मामाच, सफारी चढवून. साहेबांच्या प्रश्नांची उत्तरंही तेच देत, त्यामुळे काही नोकऱ्या हुकल्या त्या हुकल्याच.

या सगळ्यांत ग्रेस त्यांची लाडकी. तिची आई काँगोहून शिकायला आली आणि इथंच राहिली. बारीक वेण्या घालून देण्याचा तिचा धंदा होता. ग्रेस मात्र अंगणवाडीपासून करावेगावची. माझ्या बायकोला माहेरच्या बोलीतला एखादा शब्द आठवला नाही, तर ती ग्रेसला विचारायची. मंडळाच्या मुलींच्या कबड्डी संघात ग्रेस चढाईला गेली की मैदानाच्या कडेला मामाही दम रोखून धरत आणि ती परतेपर्यंत लालबुंद होत.

एका वर्षी संघ स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. आणि सामन्याच्या तोंडावर आयोजकांतला एक जण ग्रेसकडे बोट दाखवून म्हणाला, "फक्त स्थानिक मुली. ही चालणार नाही."

मामा चवताळले. "ही स्थानिक नाय तं कोन? तू कवा आलास रं इकडं?"

"मग तुमचा संघच बाद," तो शांतपणे म्हणाला.

मामा थबकले. बाकीच्या पोरींनी वर्षभर घाम गाळला होता. काहींची खेळाडू म्हणून पोलीस भरतीची आशा या सामन्यावर होती. मामांना इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "ग्रेस, आजच्या दिस बस गो पोरी. पुढल्या वर्साला बगू."

"बरं मामा," ग्रेस म्हणाली. बाकावर बसून ती मैत्रिणींसाठी घसा बसेपर्यंत ओरडली. आम्ही जिंकलो. गुलाल उधळला तेव्हा ती तिथं नव्हती.

त्यानंतर ती मैदानावर आलीच नाही. मामा तिच्या घरी जात, तेव्हा तिची आई चहा देई. ग्रेस आतल्या खोलीत अभ्यास करत असे. पुढं मायलेकी उरणला राहायला गेल्या.

गेल्या हिवाळ्यात एका लग्नाला मी मामांना घेऊन उरणला गेलो होतो. बसथांब्यावर ग्रेस भेटली. गळ्यात कुठल्याशा गोदामाचं ओळखपत्र. ती वाकून मामांच्या पाया पडली. "मामा, किती सुकलास!"

"खेलतंस का नाय गो?"

"कुठं मामा, शिफ्ट असते."

मामांनी तिच्या गळ्यातलं ओळखपत्र उलटून पाहिलं. "त्या दिशी मी..."

"जाऊं दे ना मामा. पोरी भरती झाल्या ना? मंग!" तेवढ्यात तिची बस आली. आत शिरताना तिनं हात हलवला.

बस गेली तरी मामा हलेनात. "जावई," ते म्हणाले, "त्या दिशी समद्या पोरींना घेऊन मैदानातून उठलो असतो, तं एक पोर नाय म्हनली नसती."

"त्यांचं नुकसान झालं असतं, मामा."

"झालं असतं," ते म्हणाले. "पन तिला बस म्हनायला माझी जीब वललीच कशी?"