चेहरा न बघणारे सर

मांसाच्या मऊपणाविषयी माझ्या सरांइतकं जाणणारा आणि मांसाचा कणही कधी जिभेला न लागू दिलेला दुसरा माणूस न्यूझीलंडमध्ये नसेल, आणि न्यूझीलंडमध्ये नसेल तर जगात कुठेच नसेल. मांसासाठी पाळलेल्या गुरांची आनुवंशिकता हा त्यांचा विषय. कोणत्या वळूची संतती मऊ निघते, कोणाची चिवट, कोणाच्या मांसात चरबीच्या बारीक रेषा संगमरवरातल्यासारख्या उमटतात, हे ते तासन्तास सांगत, आणि सांगता सांगता डबा उघडून गवारीची भाजी आणि भाकरी खात. कोणाच्या वाढदिवसाचा केक आला की त्यात अंडं आहे का, हे तीन वेगवेगळ्या माणसांना विचारून खात्री करून घेत. प्रयोगशाळेतल्या गोऱ्या सहकाऱ्यांना हे सगळं अजब वाटे. एकाने एकदा विचारलंच, की चव न घेता तुम्हाला कळतं कसं? सर म्हणाले, "रग्बीचा पंच कधी चेंडू घेऊन पळतो का?"

मांस चाखायला बाहेरून माणसं बोलावली जात, तेव्हा सर त्यांच्यासमोर वही घेऊन बसत. माणसं काय बोलतात याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. ते फक्त जबडे बघत आणि घास किती वेळा चावला ते मोजत. ही सवय पुढे हाताबाहेर गेली. ऑकलंडला माउंट रॉस्किलमधल्या एका हॉलमध्ये आपल्या मंडळींची दिवाळी होती. डब्याडब्यांनी जेवण आलेलं. नागपूरकडच्या एका वहिनींनी, इथल्या हॉस्पिटलात नर्स आहेत त्या, सकाळची ड्यूटी करून साठ पुऱ्या लाटून आणल्या होत्या. सर माझ्याशेजारी बसून समोरच्या डॉक्टरांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मग वहिनींकडे वळून अतिशय मायेने म्हणाले, "वहिनी, एकतीस. कणीक थोडी कमी मुरली." वहिनींनी पुऱ्यांचा डबा सरळ त्यांच्या पुढ्यातून उचलला. "तुमच्या बैलांना विचारा कशा झाल्यात ते," म्हणाल्या. सरांनी ते मनावर घेतलं नाही. गाडीत बसल्यावर मला म्हणाले, "बाई हुशार आहे. पण एकतीस म्हणजे एकतीस."

मी त्यांच्याकडे आलो तेव्हा माझ्याजवळ एक पदवी होती आणि ती आमच्या घरातली पहिलीच होती. वडिलांचं तालुक्याच्या गावी सायकल दुरुस्तीचं दुकान. माझं इंग्रजी पुस्तकातलं. कोणी इथल्या बोलीत खूपला 'हीप्स' किंवा मस्तला 'स्वीट ॲज' म्हटलं की मी मान हलवून मोकळा होई. हॅमिल्टनच्या बसथांब्यावर सर स्वतः घ्यायला आले होते. माझ्या अंगावरचा पातळ स्वेटर बघून त्यांनी स्वतःचा कोट काढून दिला आणि नंतर तो परत मागितला नाही. पिपेट कसा धरायचा, गोऱ्या माणसाला 'नो' कसं म्हणायचं, सुपरवायझरच्या घरी जाताना काय न्यायचं, हे सगळं त्यांनी शिकवलं. रागावले तरी आवाज चढत नसे. माझी चूक झाली की ते चष्मा पुसत.

त्यांचा सगळ्यात विचित्र नेम मात्र कुरणातला होता. गुरांमध्ये जाताना ते कधीही जनावराच्या तोंडाकडे बघत नसत. नजर थेट कानाकडे, बिल्ल्यावरच्या नंबराकडे. एखादं वासरू समोर येऊन त्यांचा बूट हुंगू लागलं की आकाशाकडे बघत उभे राहत. फार्म मॅनेजर माओरी होता, रुंद आणि सावकाश बोलणारा. तो प्रत्येक वासराचे फोटो काढी, नावं ठेवी. "किया ओरा डॉक, ही बघा आपली महाराणी," म्हणून फोन पुढे करी, आणि सर दुसरीकडे बघून म्हणत, "नंबर सांग." मी एकदा कारण विचारलं. ते म्हणाले, "अरे, चेहरा पाहिला की आकड्यात माया मिसळते. आणि दोन वर्षांनी मलाच त्याच्याबरोबर जायचं असतं."

ते खरंच जायचे. गुरांची प्रत्येक खेप कत्तलखान्यात गेली की सर मागोमाग गाडी घेऊन जात, पांढरे गमबूट घालून धडं टांगलेल्या लोखंडी आकड्यांच्या रांगेपाशी उभे राहत आणि कुठलं धड कुठल्या नंबराचं हे स्वतः जुळवत. दुसऱ्या कोणावर विश्वास नव्हता. तिथे माझ्यासारख्याला घेरी यायची. सर ओठ हलवत नंबर म्हणत राहायचे. त्या दिवशी ते जेवत नसत. उपास आहे का विचारलं तर "भूक नाही" म्हणत. अठ्ठावीस वर्षं त्यांना त्या दिवशी भूक लागली नाही.

आता मी जे सांगणार आहे ते एका पत्राखेरीज आजवर मी कुठे लिहिलेलं नाही.

आमच्या प्रयोगात सहा वळू एकाच कळपात सोडले होते. पाच काळे आणि एक तांबडा, पांढऱ्या तोंडाचा. गाई सगळ्या काळ्या. कुठलं वासरू कुठल्या वळूचं, हे कानाच्या इवल्याशा तुकड्यातून डीएनए काढून ठरवायचं होतं. ते नमुने शहाण्णव खळग्यांच्या एका प्लॅस्टिकच्या प्लेटमध्ये भरायचे असतात. सर खळग्यांना घरं म्हणत, आणि त्यांचा दंडक होता की पहिलं घर रिकामं ठेवायचं. प्लेट चुकून उलटी मशिनमध्ये गेली, तर रिकामं घर पहिल्याऐवजी शेवटी दिसतं आणि चूक पकडली जाते. मला हे माहीत होतं. पण त्या दिवशी वासरं शहाण्णव होती. एका नमुन्यासाठी नवी प्लेट काढायची आणि पंचाण्णव घरं वाया घालवायची, हे माझ्या हातून होईना. आमच्याकडे पंक्चर काढलेल्या ट्यूबचीही तुकडे करून ठिगळं होत असत. मी पहिलं घर भरलं. आणि तीच प्लेट उलटी ठेवली.

कोणाच्या लक्षात आलं नाही. पुढे गोऱ्हे मोठे झाले, कापले गेले, मांसाचा मऊपणा मोजला गेला आणि तो आकडा माझ्या यादीतल्या बापाच्या नावे चढला. पांढऱ्या तोंडाचा वळू शेवटून पहिला आला. ज्यांचं वीर्य गोठवून ठेवायचं ते दोन काळे निवडले, आणि शेवटचा म्हणून त्याला ट्रकमध्ये चढवायचं ठरलं. ट्रकपाशी मॅनेजर म्हणाला, "डॉक, आर यू शुअर? सगळ्यात देखणी, शांत पिल्लावळ याचीच होती. तुमच्या यादीत हा शेवटचा कसा?"

"दिसणं हा पुरावा नाही," सर म्हणाले. आणि सवयीप्रमाणे आकाशाकडे बघत उभे राहिले. वळू फळीवरून चढला. मी दोर धरायला मदत केली.

महिन्याभराने, अहवाल लिहिताना, मॅनेजरचं ते वाक्य त्यांना छळू लागलं असावं. त्यांनी त्याच्याकडून वासरांचे जुने फोटो मागवले, छापले आणि ऑफिसच्या जमिनीवर पसरले. मी आत गेलो तेव्हा ते गुडघ्यांवर बसले होते. काळ्या आईची पांढऱ्या तोंडाची वासरं, आणि यादीत बाप काळा. असं एक नाही, दोन नाही. त्यांनी बोटाने यादी वरून आणि खालून एकदम मोजायला सुरुवात केली, वरच्या वासराचा बाप खालच्याला जुळत गेला, आणि ते मधोमध थांबले.

"प्लेट तू भरलीस?"

"हो सर."

"पहिलं घर?"

त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. एक फोटो उचलून बराच वेळ बघत राहिले. "काय सुंदर आहे रे हे," म्हणाले.

नमुने पुन्हा तपासले. सहांमध्ये सर्वांत मऊ मांसाची संतती त्याच वळूची होती. त्याचं वीर्य आम्ही ठेवलं नव्हतं. सरांच्या सगळ्या कारकिर्दीत ज्याच्या शोधात ते होते तो हाती आला होता आणि आम्ही त्याची फळी लावून पाठवणी केली होती.

चौकशी झाली. सरांनी लिहून दिलं, की प्लेट त्यांनी भरली. मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो, म्हणालो, मी सांगतो. माझी मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती. "तुझा व्हिसा या नोकरीला बांधलेला आहे," सर म्हणाले. "तुला काढलं तर तिघांना सामान बांधावं लागेल. मला काढलं तर मी नुसता म्हातारा होईन. तो मी तसाही होतोच आहे." मी गप्प बसलो. हे सोपं गेलं नाही असं लिहायला मला आवडेल, पण त्या रात्री मला झोप लागली होती. प्रकल्प दुसऱ्यांकडे गेला. सरांना वेळेआधी निवृत्त केलं. निरोपाला चार माणसं होती, त्यातला एक मॅनेजर. दोन वर्षांत मला इथे कायमचं राहायची परवानगी मिळाली, आणि आता त्यांच्या टेबलावर मी बसतो. नवीन मुलांना प्लेट भरायला शिकवताना ती गोष्ट सांगितली जाते. त्यात चूक करणारा म्हातारा भारतीय शास्त्रज्ञ असतो. मुलं हसतात. गेल्या महिन्यात त्यांच्याबरोबर मीही हसलो, सवयीने. ते मी घरी बायकोला सांगितलं. तिने लॅपटॉप उघडला.

शनिवारी संस्थेला लिहिलेलं कबुलीचं पत्र घेऊन मी माउंट रॉस्किलला गेलो. सर तिथे मुलीकडे राहतात. दार नातवाने उघडलं. "आजोबा, समवन्स हिअर," एवढं ओरडून तो आत पळाला. सर बारीक झालेत. पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, अंगात जावयाचा स्वेटर. त्यांनी पत्र उभ्यानेच वाचलं. मग पेन मागितलं आणि एक ओळ खोडली. 'यात माझ्या सरांचा कोणताही दोष नव्हता,' अशी ती होती.

"हे खोटं आहे," म्हणाले. "खरं सांगायला निघालास तर सगळं खरं सांग."

"सर, बाकीचं पाठवू ना?"

"बायकोला विचारलंस?"

"तिनेच टाइप केलंय."

ते हसले. दोन वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहिलं. "मग मला काय विचारतोस? मोठा अधिकारी तिकडे आहे." आतून त्यांच्या मुलीने चहा आणला. आम्ही मागच्या अंगणात बाकावर बसलो. पावसाची बारीक भुरभुर चालू होती. तिच्याकडे दोघांनी दुर्लक्ष केलं. काय होईल याबद्दल मी विचारलं नाही, त्यांनीही धीर दिला नाही. माझी नोकरी बहुधा जाईल. परवानगी जाईल का, ते मला ठाऊक नाही. ते माझ्या मुलीची चौकशी करत राहिले, बालवाडीत जाते का, बोलते का, मराठी कळतं का. कळतं, पण उत्तर इंग्रजीत देते, म्हणालो. "कळतंय ना, मग झालं," म्हणाले.

निघताना त्यांनी पत्राची घडी घातली, पाकिटात सरकवली आणि पाकीट उघडंच माझ्या हातात दिलं. "चिकटवायचं काम तुझं," म्हणाले.

गाडीत बसून मी ते चिकटवलं. काच खाली करून दाखवलं तेव्हा सर फाटकाशी उभे होते, आणि थेट माझ्याकडे बघत होते.